शिंदळ माकुडी : कड्यावरची व कुंडीतील

दक्षिण आफ्रिकेतील स्टॅपेलिया हे मांसल खोडाचे, ताऱ्यासारख्या फुलांचे झाड हौशी मंडळी मोठ्या कौतुकाने कुंडीत लावतात. त्याच गोतातील एक दुर्मीळ झाड आपल्या जुन्नर तालुक्याचे आहे, हे ओतूर परिसरात किती जणांस ठाऊक असेल? शिंदळ माकुडी हे त्याचे नाव. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. आपल्या रुईच्याच कुळातले. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ च्या सुमारास त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव त्यास दिले. (गंमत अशी की, हेच फ्रेअर पुढे १८७७ साली स्टॅपेलियाच्या मुलखात, केप वसाहतीचे गव्हर्नर होऊन गेले!)

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, कड्याच्या फटीत ते लोंबते. महाराष्ट्राबाहेर ते रानात नाही. एके काळी जगातील अतिदुर्मीळ बारा वनस्पतींत त्याची गणना झाली होती. गुरे-शेळ्यांची चराई, वणवे व कोसळणाऱ्या दरडी हे त्याचे शत्रू. त्यात हौसेने उपटून नेणाऱ्यांची भर नको. शिवनेरीची लेणी पाहावयास जाणाऱ्या बंधु-भगिनींनी ते डोळे भरून पाहावे, हात लावू नये. रोप हवे असल्यास लागवडीतल्या झाडाचेच कांडे मागून घ्यावे.

पावसाळ्याच्या तोंडी बोटभर कांडे कापून पाच-सहा दिवस सावलीत सुकू द्यावे. ओली जखम मातीत गेली की कांडे कुजलेच म्हणून समजा. कुंडीत मुरूम व जाड वाळू जास्त, माती व कुजलेले शेणखत थोडे. तळाचे भोक खापरीने झाकावे, बुजवू नये. कुंडी टांगलेली बरी; सकाळचे ऊन पुरे.

खरी मेख पाण्यात आहे. गोतातील इतर झाडांना बहुधा पानेच नसतात. हिला पावसाळ्यात येतात व कोरड्या दिवसांत गळतात. पाने गळाली की झाड मेले असे समजून लोक तांब्या-तांब्या पाणी ओततात आणि ते खरोखरच मरते. पाने असेतो माती वाळल्यावर पाणी द्यावे. गळाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी घोटभर पुरे. बुडखा मऊ पडल्यास वरचा निरोगी तुकडा कापून पुन्हा लावावा. पिठ्या ढेकूण दिसताच स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुले येतात. वास कुजकट असतो, माश्यांना बोलावण्यासाठी! तेव्हा कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवू नये. शिंगांसारख्या जोडशेंगा धरल्या तर तलम कापड सैल बांधावे, नाहीतर रुईसारख्या म्हाताऱ्या होऊन बी उडून जाते.