धार्मिक संस्थांचे आपत्तिसाहाय्य

वादळ, महापूर, भूकंप, दुष्काळ इ. आपत्तींच्या प्रसंगी मंदिरे, मशिदी, चर्च, गुरुद्वारे आदी प्रार्थनास्थळे, त्यांची विश्वस्त मंडळे आणि धर्मप्रेरित सेवासंस्था संघटितपणे जे मदतकार्य करतात, त्यास ही संज्ञा लावता येते. आश्रय, अन्नपाणी, वस्त्रे व औषधे पुरविणे हे त्याचे तातडीचे, तर घरे व उपजीविकेची साधने पुन्हा उभी करणे हे दीर्घकालीन अंग होय.

पूर्वपीठिका : अन्नदान, जकात व सदका, दशमांश, दसवंध इ. कल्पनांतून निरनिराळ्या धर्मांनी गरजूंचे साहाय्य हे श्रद्धावंताचे कर्तव्य मानले आहे. दुष्काळात मंगळवेढ्याचे सरकारी धान्यकोठार भुकेलेल्यांसाठी खुले करणाऱ्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तथापि व्यक्तिगत दानास संघटनेचे रूप मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात आले. १८७६–७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने (स्था. १८७३) पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. १८९७ व १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला आणि त्यातूनच केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार झाला. रामकृष्ण मिशनने १८९७ या स्थापनेच्या वर्षीच मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुष्काळ निवारणाचे कार्य केले.

हानीचे क्षेत्र व साहाय्य : घूर्णवाती वादळ (टॉर्नेडो) काही मिनिटांत एका अरुंद पट्ट्याचा विध्वंस करते, पट्ट्याबाहेरील वस्ती बहुधा सुरक्षित राहते व तेथून तत्काळ मदत येऊ शकते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा वादळांनंतर ढिगारे उपसणे, भोजन देणे व घरे बांधणे यांत चर्चसंस्थांचा वाटा मोठा असतो. तेथील मेनोनाइट पंथीयांची आपत्तिसेवा १९५० पासून कार्य करीत आहे. भारतीय उपखंडात ही वादळे प्रामुख्याने बंगालच्या प्रदेशात होतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशाच्या माणिकगंज जिल्ह्यातील वादळात सुमारे १,३०० लोक मृत्युमुखी पडले.

ठाणे जिल्ह्यात महापूर ही मुख्य आपत्ती असली, तरी तेथेही हानी बरीचशी पट्ट्यापुरती असते. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी बदलापूर, कल्याण या भागांतून खाडीकडे जाते, तर वालधुनी नदी अंबरनाथ व उल्हासनगर येथील दाट वस्तीतून वाहते. अतिवृष्टी व समुद्राची भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा खुंटतो. काठच्या वस्त्या बुडतात आणि थोड्या अंतरावरील उंच भाग कोरडा राहतो. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर येथील सखल भाग पाण्याखाली गेले व उपनगरी रेल्वे बंद पडली. त्या वेळी मुंबई-ठाणे परिसरातील अनेक प्रार्थनास्थळांनी अडकलेल्या प्रवाशांना व पूरग्रस्तांना आश्रय आणि अन्न दिले.

सामर्थ्य : प्रार्थनास्थळाजवळ सभागृह, मोठी भांडी, शिधा, स्वयंपाकात तरबेज माणसे आणि सणउत्सवांतून सराव झालेले स्वयंसेवक आधीच असतात. लंगर किंवा महाप्रसाद नित्य करणाऱ्यांना हजारोंचे भोजन अवघड वाटत नाही. कोणत्या घरात वृद्ध, आजारी वा बाळंतीण आहे, हेही परिसरातील लोकांना ठाऊक असते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी वसलेल्या उल्हासनगरात दरबार ही सिंधी समाजाची धर्मस्थळे केवळ उपासनेची नव्हेत, तर परस्परसाहाय्याचीही केंद्रे ठरली.

मर्यादा : जवळच्या परिचयावर उभे असलेले हे कार्य परिचयाच्या कक्षेबाहेर सहज पोहोचत नाही. भाडेकरू, परप्रांतीय मजूर, नदीकाठच्या झोपड्यांत राहणारी कुटुंबे यांचे नाव बहुधा कोणत्याच यादीत नसते. रस्त्यालगतच्या चाळीत शिधा दोनदा वाटला जातो, तर आतील वस्ती उपाशी राहते. ज्याच्यापाशी शिधापत्रिका वा घराचा पुरावा नाही, तो सरकारी पंचनाम्यातूनही वगळला जाण्याचा संभव असतो. म्हणून अशा कुटुंबांची नोंद करून ती तलाठ्यापर्यंत पोहोचविणे हे अन्नवाटपाइतकेच महत्त्वाचे ठरते. पूर ओसरल्यावर शिजविलेल्या अन्नापेक्षा शुद्ध पाणी, स्वच्छता व लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांवरील औषधयोजना यांची निकड अधिक असते. परंतु देणग्यांचा ओघ तोवर आटलेला असतो. साहाय्याच्या मोबदल्यात धर्मप्रसार केला जात असल्याचा आक्षेपही वेळोवेळी घेतला जातो. रेडक्रॉस व अन्य साहाय्यसंस्थांनी १९९४ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेनुसार मदत गरज पाहूनच द्यावयाची असते आणि तिचा वापर कोणत्याही धार्मिक भूमिकेच्या पुरस्कारासाठी करावयाचा नसतो. या संहितेच्या पुरस्कर्त्यांत कॅरितास व जागतिक चर्च परिषद या धार्मिक संघटनाही होत्या.

कायदा व समन्वय : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये दारिद्र्य वा संकट यांचे निवारण हा धर्मादाय हेतू मानला जातो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पावसाळ्यापूर्वीच सभागृहे व स्वयंपाकघरे यांची सूची करणे, प्रत्येक संस्थेस विभाग नेमून देणे आणि पूरग्रस्तांची एकच सामायिक यादी ठेवणे, या उपायांनी पुनरावृत्ती व वंचना दोन्ही टाळता येतात. कोणत्याही प्रार्थनास्थळाशी संबंध नसलेल्या कुटुंबापर्यंत मदत किती लवकर पोहोचली, हाच अशा कार्याच्या यशाचा खरा निकष होय.