काम लांब गेलं तेव्हा



मी शिवणकामाला जाते ती जागा आधी शेजारच्या वाडीत होती. घरापासून तीन किलोमीटर. मागच्या वर्षी जागा पुरेना म्हणून काम तालुक्याच्या रस्त्याला गेलं आणि तीनचे नऊ किलोमीटर झाले. आम्ही सहा जणी सायकलने जायचो. पहिल्याच महिन्यात दोघींनी काम सोडलं. एकीचे गुडघे धरले, दुसरीला घरचं उरकेना. मीही सोडायच्या बेतात होते. पण सोडलं नाही. ते कसं जमलं, हे आज सांगते. तुमच्यातल्या कुणी अंगणवाडीत, कुणी दवाखान्यात, कुणी पॅकिंगच्या कामाला जात असतील. ज्यांचं अंतर वाढलंय त्यांना याचा उपयोग होईल.

आधी गुडघ्यांचं बघू. आपण बायका सीट अगदी खाली ठेवतो, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. तीन किलोमीटरला ते चालून जातं. पण साधी बिनगिअरची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण पाच मीटर पुढे जाते. म्हणजे नऊ किलोमीटरला अठराशे फेरे, आणि परत येताना तेवढेच. प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडला, तर संध्याकाळी तो बोलणारच.

सीट कशी लावायची? भिंतीला हात धरून सायकलवर बसा. एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवा. आता गुडघ्यात थोडासा बाक राहील. ही बरोबर उंची. एकदम वर घेऊ नका, भीती वाटते. दर तीन-चार दिवसांनी अर्धं बोट वर घ्या. दांडीवर खूण असेल तर तिच्यापलीकडे सीट काढू नका. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करा. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा जास्त वर आहे. सूज आली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट हवा आणि चेन. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू कमी होते. हवा कमी असली की सायकल चिखलात चालवल्यासारखी जड जाते आणि आपल्याला वाटतं, आपलीच ताकद कमी पडली. म्हणून दर रविवारी हवा भरा. चेन फडक्याने पुसून तिला शिलाई मशीनचं तेल चार थेंब द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. गोडेतेल घालू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. ब्रेक दाबल्यावर तो मुठीला टेकत असेल, तर त्याच दिवशी आवळून घ्या. पदर, ओढणी कमरेला नीट खोचा. मागच्या चाकाला जाळी आणि चेनला कव्हर असू द्या.

तिसरं म्हणजे वेळ. आपल्या रस्त्यांवर तासाला बारा किलोमीटर हा चांगला वेग झाला. त्या हिशेबाने नऊ किलोमीटरला पाऊण तास. वर पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन घड्याळ बघून या. पहिले दोन आठवडे एक दिवस सायकल आणि एक दिवस एसटी असं केलं तरी चालेल. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धंच तिकीट आहे. पावसाच्या दिवशीही ते कामी येतं. चढाला उतरून चाला, त्यात लाज कसली? कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत येतात. त्यांच्याशी जागेसाठी भांडू नका, खाली उतरून त्यांना जाऊ द्या. थंडीत सहा वाजताच अंधारतं, तेव्हा मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे बॅटरी हवीच.

उपाशी निघू नका. अर्धी भाकरी, नाहीतर गूळ-शेंगदाणे खा. बाटलीत पाणी घ्या, उन्हाळ्यात त्यात लिंबू, मीठ, साखर टाका. एवढं करूनही सपाट रस्त्याला धाप लागते, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते असं होत असेल, तर सायकलला दोष देऊ नका. उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते बाराच्या खाली असलं, तर रक्त कमी आहे असं समजतात. त्यावर गोळ्या मिळतात. आमच्यातल्या एकीचं साडेआठ निघालं. ती तर स्वतःला आळशी समजत होती!

आता सगळ्यात अवघड गोष्ट. माझे जाता-येता मिळून बारा किलोमीटर वाढले, म्हणजे रोजचा एक तास. हा तास आणायचा कुठून? मी आधी झोपेतून काढला. पहाटे चारला उठायला लागले. महिनाभरात चिडचिड वाढली, सुई बोटात जायला लागली. मग एका संध्याकाळी घरात सगळे जेवायला बसलेले असताना मी हिशेब मांडला. पगार किती येतो, तो कशाला लागतो आणि त्यासाठी एक तास लागतो. तो तास सगळ्यांनी मिळून द्यायचा. आता सकाळचं पाणी हे भरतात, धुणं मुलगा वाळत घालतो, सासूबाई भाजी निवडून ठेवतात. भांडण झालंच नाही असं नाही, पण झालं ते एकदाच.

तमिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली आणि लाखभर बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, सगळ्या. एकेकटी शिकायला निघाली असती तर लोकांनी हसून घरी बसवलं असतं. सगळ्या मिळून निघाल्या म्हणून जमलं.

म्हणून गटाला एक काम सांगते. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी सायकली घेऊन या. एकमेकींच्या सीटची उंची बघा. गटाच्या पैशातून एक पंप, एक पाना आणि पंक्चरचं सामान घ्या, आणि दोघींना पंक्चर काढायला शिकवा. जाताना एकटीने न जाता जोडीने जा.

आमच्यातली गुडघेवाली सीट वर केल्यावर तीन आठवड्यांत कामावर परतली. घरचं न उरकणारी मात्र अजून आलेली नाही. तिच्या सायकलला काहीच झालेलं नाही, तिला तो एक तास हवा आहे. येत्या रविवारी आम्ही चौघी-पाच जणी तिच्या सासूबाईंशी बोलायला जाणार आहोत. तुमच्या गावातही अशी कुणी असेल, तर तिच्या घरी जाऊन या.