चूल कुठे मांडायची?

मागल्या हिवाळ्यात कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या वस्तीतून दोन जीपगाड्या भरून आम्ही सहलीला निघालो. कारखान्याच्या हंगामात सगळ्यांना एकदम सुट्टी मिळणे म्हणजे योगच. बायांनी आदल्या रात्रीच मसाला वाटून ठेवला होता. भगुली, सरपण, ताडपत्री, पोरांचा स्पीकर असे सगळे सामान भरले. रानातच चूल मांडायची, रस्सा-भाकरी करायची, रात्र ताडपत्रीखाली काढायची, असा बेत.

तालुक्याबाहेरच्या एका अभयारण्यात आम्ही शिरलो. फाटकावर पावती फाडली. झाडाखाली तीन दगड मांडून काडी ओढली, तोच रखवालदार धावत आला. "ए, विझव ती चूल! कुठनं आला रे तुम्ही?" हे तो आमच्या सत्तरीच्या आत्याबाईंना बोलला.

झाले, पोरे उसळली. "पैसे मोजलेत की आम्ही!" "पैसे आत यायचे, स्वयंपाकाचे न्हाईत." "मग पाटी कुठंय?" पाटी होती, पण फाटकाच्या आडोशाला, रंग उडालेली, आणि तीही इंग्रजीत. तासभर हुज्जत चालली. शेवटी बाहेर येऊन सडकेच्या कडेला चूल पेटवली आणि चारच्या सुमारास जेवलो. आत्याबाई जेवल्या नाहीत.

घरी आल्यावर आम्ही चौकशी केली, तर नियमाच्या बाबतीत रखवालदार खरा निघाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो, आणि तिथे आग लावता येत नाही की पेटती वस्तू टाकून येता येत नाही. कचरा टाकणे, जनावरांना डिवचणे हेसुद्धा गुन्हे आहेत. यामागचे कारण आपल्या तालुक्यातच पाहावे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे ते माळरान चिंकारा हरणांसाठी राखले आहे. उन्हाळ्यात तिथले गवत काडीसारखे वाळते. आपल्या चुलीतली एक ठिणगी वाऱ्यावर गेली, तर हरणाने पळायचे कुठे? आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पाखरांचे काय? आपण ऊस पेटलेला पाहिलेली माणसे, आपल्याला हे दुसऱ्याने सांगायला नको होते.

पण आत्याबाईंचा घास अडला तो चुलीमुळे नव्हे, त्या "रे" मुळे. आपल्या माणसाला असा शब्द जिव्हारी का लागतो, हे रखवालदाराला ठाऊक नसेल. १९३४ साली बाबासाहेब तीसेक जणांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. तिथल्या हौदावर तोंड-पाय धुतले म्हणून गदारोळ उठला. आम्ही बाहेरगावचे, इथला नियम ठाऊक नाही, हे सांगूनही उपयोग झाला नाही. अखेर किल्ला दाखवला तो हत्यारबंद शिपाई सोबत देऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. तो नियम माणसाची जात बघून होता. चुलीचा नियम सगळ्यांना सारखा आहे. या दोन्हींची गल्लत करून आपण भांडलो, तर खऱ्या अपमानाची तक्रारही कोणी ऐकणार नाही. पोरांना आम्ही हेच सांगितले. त्यांना पटायला दोन दिवस लागले.

लेण्यांवर जाणाऱ्या मंडळींनीही ध्यानात ठेवावे. कार्ले-भाज्यासारख्या संरक्षित स्मारकांना १९५९ चे नियम लागू आहेत. नेमून दिलेल्या जागेखेरीज तिथे स्वयंपाकच काय, डबाही उघडता येत नाही. आणि मावळतीनंतर थांबता येत नाही. सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी.

पाण्याच्या जागी तर नियम जिवाशी निगडित असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली ५ माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून ४ जण दगावले. तिथे धोक्याची पाटी होती.

खासगी तंबूवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे तंटा बहुधा आगाऊ रकमेवरून नाहीतर गाण्यांवरून होतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा मालकाने आवाज बंद करायला लावला तर रागावू नये. मात्र बेत रद्द झाल्यास पैसे किती परत देणार, चूल कुठे मांडायची, जेवण आपले की त्यांचे, हे निघण्याआधीच विचारून कागदावर घ्यावे. रखवालदाराने दंड मागितला तर पावती मागावी, पावतीशिवाय रुपया देऊ नये. आणि तो "अरे-तुरे" वर आला तर त्याचे नाव व वेळ टिपून वरच्या साहेबाकडे लेखी अर्ज द्यावा. आम्ही तसा दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

यंदाही सहल ठरली आहे. आत्याबाई आधी नको म्हणत होत्या, आता त्यांनीच बाजरी दळून आणली. भाकरी घरूनच बांधून न्यायच्या आहेत.