कास वाचवायचं, मग बाकीचे सडे?

कास पठारावर फुलांचा हंगाम सुरू झाला की बातम्याही ठरलेल्या: ऑनलाइन बुकिंग, गाड्यांच्या रांगा, फुलं तुडवून काढलेले सेल्फी. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा पाळली जाते की नाही, यावर वादही होतो. व्हायलाच हवा. पण गर्दी आवरली की कास वाचलं, हा समज भाबडा आहे.

साताऱ्याजवळच्या या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे. अन्नद्रव्यं इतकी कमी, की ‘सीतेची आसवं’ ही नाजूक वनस्पती सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते. दांडग्या गवताला ही जमीन फारशी मानवत नाही, म्हणून वीतभर रोपांना जागा मिळते. पर्यटक रोखायला जाळीचं कुंपण घातलं, तेव्हा गुरंही बाहेर राहिली. चराई थांबल्याने गवत माजेल, हा अभ्यासकांचा आक्षेप होता. पुढे ती जाळी काढावी लागली.

हवामानाला मात्र कुंपण घालता येत नाही. सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर उगवणारा वायतुरा घ्या. १९८२ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्याचा कंद उन्हाळाभर जमिनीत निपचित असतो. पावसाने सडा भिजला की पानं फुटतात आणि दोन फाट्यांचा तुरा वर येतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस महाराष्ट्रात मे महिन्यातच दाखल झाला. असा लवकर आलेला पाऊस फुटवा आणून दडी मारून बसला, तर बोटभर माती चार दिवसांत सुकते आणि कंदातली शिदोरी वाया जाते. उतारावरच्या झाडांना उष्मा वाढला तर वर सरकता तरी येतं. सुमारे १,२०० मीटरवरच्या सपाट माथ्यावर वर जायला जागाच नाही आणि शेजारचा सडा दरीपलीकडे.

एका सड्यावर वनस्पती संपली, तरी ती दुसऱ्या सड्यावर टिकायला हवी; म्हणूनच एकटं कास राखून भागणार नाही. पण चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, कोल्हापूरच्या सड्यांवर बॉक्साइटसाठी खाणी झाल्या, कोकणात जांभा फोडून आंब्याच्या बागा लावल्या जातात. तिथे ना तिकीट, ना रखवालदार. ‘नुसता कातळ आहे’ म्हटलं की परवानगी द्यायला कुणाचा हात अडखळत नाही. २०१२ मध्ये कासला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण एका पठाराची आरास करून बाकीच्यांचा लिलाव मांडणं याला संवर्धन म्हणत नाहीत. खाणीचा किंवा पवनचक्कीचा पुढचा प्रस्ताव येईल, तेव्हा आधी त्या सड्यावर पावसाळाभर काय उगवतं, याची पाहणी सक्तीची करावी.