लिंबू पिळलंत का?

पेणच्या एसटी स्टँडवर उतरलं की चार गोष्टी डोळ्यांत भरतात: पापडांची दुकानं, पोह्यांच्या थैल्या, मिठाच्या पुड्या आणि शेडमध्ये रांगेने उभे असलेले गणपती. पेणपासून रोह्यापर्यंतच्या या पट्ट्यात घरोघरी रोज पडणाऱ्या किती प्रश्नांची उत्तरं दडली आहेत, हे मोजायला घेतलं आणि वही भरत गेली. त्यातले हे काही, पोह्यांपासून सुरुवात करून.

पोहे नुसते भिजवून कसे खाता येतात?

ते आधीच शिजलेले असतात म्हणून. भात भिजवायचं, भट्टीत कडक भाजायचं आणि गरम असतानाच चेपायचं, असे पोहे होतात. भिजताना आणि भाजताना दाण्यातलं पीठ शिजून जातं. घरी आपण फक्त गेलेलं पाणी परत देतो. दूध-गूळ-पोहे हा न्याहारीचा प्रकार चूल न पेटवता होतो तो यामुळेच.

आता लिंबू. पोह्यांत लोह असतं, पण धान्यातलं लोह आतड्याला सहजासहजी शोषता येत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्या लोहाचं रूप पालटतं आणि त्याची वाट सोपी करतं. उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून लिंबू कढईत पिळायचं नाही, बशीत पिळायचं. आणि लगोलग आलेला चहा? त्यातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, म्हणजे लिंबाने कमावलेलं चहा घालवतो. चहा तासाभराने घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणून ही लिंबाची फोड मला फार मोलाची वाटते. घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर जी शेवटी जेवायला बसते, तिच्या बशीत ती हमखास असावी.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मत कधी ठरतं?

पोहे बशीत पडायच्या आधी. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव्ह यांनी २००६ साली लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले आणि माणूस विश्वासू वाटतो का, हुशार वाटतो का, असं विचारलं. निवांत वेळ देऊन विचारल्यावर जी मतं आली, त्यांच्याशी ही झटपट मतं बरीच जुळली. मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते: वेळ वाढवला तेव्हा मतं फारशी बदलली नाहीत, वाढली ती लोकांची खात्री. म्हणजे दोन तास गप्पा मारून "आम्ही नीट पारखून घेतलं" असं वाटतं, तेव्हा बहुधा पहिल्या क्षणाचंच मत पक्कं झालेलं असतं. मुलगा-मुलगी दोघांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भेटावं, आणि शक्यतो एखादं काम बरोबर करताना भेटावं. चेहरा जे सांगत नाही ते हात सांगतात.

मेमध्ये पंख्याखाली बसूनही घामाच्या धारा का?

पेणच्या खाडीकाठची मिठागरं आठवा. कोंडीत खारं पाणी घेतात, ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात, मागे मीठ राहतं. आपलं अंगही याच हिशोबाने थंड होतं. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. पण वाळला तर! टपटप गळणारा घाम काहीच थंड करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ घेऊन जातो. कोकणात मेमध्ये हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, म्हणून घाम वाळत नाही, गळतो. पुण्याचे ४० अंश सोसणारा पाहुणा पेणच्या ३५ अंशांत बसकण मारतो, त्याला कारण हेच. सैल सुती कपडा आणि अंगावरून जाणारा वारा, दोन्ही घाम वाळायला मदत करतात. उन्हात राबणाऱ्याने पाण्याबरोबर मीठ-साखरेचं सरबत किंवा पेजेचं पाणीही घ्यावं.

घरात बसणाऱ्याने मात्र मीठ मोजून खावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभरही नको. या चमच्यात आमटी, लोणचं, सुकट आणि पेणचा पापड सगळे आले. पापडाला खारटपणा मिठाचा असतोच, शिवाय पापडखारातूनही सोडियम येतं. पापड सोडा असं कोणी म्हटलं तर पेणकर ऐकणार नाहीत, मीही नाही ऐकणार. पापड असेल त्या दिवशी लोणच्याची बरणी फडताळातच राहू द्यावी.

पाण्यात बोटांना सुरकुत्या का पडतात?

त्वचा पाणी पिऊन फुगते म्हणून, असं आपण शाळेत ऐकलं. पण बोटाची नस तुटलेली असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच पाहिलं होतं. म्हणजे सुरकुत्या पाडतात त्या नसा. त्या आतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडी आत ओढली जाते. कशासाठी? २०१३ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी लोकांना पाण्यातल्या गोट्या उचलायला लावल्या. सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलल्या, कोरड्या गोट्यांना फरक पडला नाही. टायरच्या नक्षीसारखा हा प्रकार असावा. हमरापूर, जोह्याकडच्या शेडांमध्ये दिवसभर ओली शाडू मळणाऱ्या बोटांकडे आता मी वेगळ्या नजरेने बघतो.

याच शेडांतलं शेवटचं काम म्हणजे डोळ्यांची आखणी. मूर्तीचं अंग कोणीही रंगवेल, डोळे मात्र ठरलेला हातच आखतो, कारण बघणारा सगळ्यात आधी डोळ्यांत बघतो. ही सवय आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. दोन ते पाच दिवसांच्या बाळांना दोन चेहरे दाखवले, एक त्यांच्याकडे बघणारा आणि एक नजर वळवलेला, तर बाळं आपल्याकडे बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. आणि आखणी करणाऱ्याचे स्वतःचे डोळे? एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणारी पापणी बारीक कामात निम्म्याहून कमी लवते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. मोबाइलवरही तेच होतं. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं झाड बघावं.

नवी सवय २१ दिवसांत लागते का?

नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी लोकांना एकेक साधी सवय रोज पाळायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे ज्यांचा नेम वारंवार मोडतो त्यांनी लक्षात ठेवावं.

या बाबतीत पेण तालुक्यातल्याच एका माणसाचा अनुभव सांगतो. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्याला जन्मले. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली होती, वजन ८८ पौंड, म्हणजे फक्त ४० किलो. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबा गेले ते वर्ध्याजवळ पवनारला. धाम नदीचा पूल ओलांडताना, आश्रमाच्या साऱ्या जबाबदाऱ्या आणि चिंता मी सोडल्या, असं ते मनाशी तीनदा म्हणाले. आणि मग शेतात कुदळ चालवायला लागले. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं! मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढलं. १ जानेवारीला व्यायामशाळेची वर्षाची फी भरून पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळणाऱ्याला मी ही पाच मिनिटं आवर्जून सांगतो. आणि पूल ओलांडतानाचा तो क्षणही सांगतो, कारण डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून शरीर सुधारायला निघालेले पुष्कळ जण पाहिलेत.

गागोद्याच्या अंगणातल्या फणसाची आठवण विनोबांनी स्वतः सांगून ठेवली आहे. फणस पिकला की आई पानांच्या द्रोणांत गरे भरायची आणि ते आळीतल्या घराघरांत पोचवायला लहानग्या विन्याला पाठवायची. सगळे वाटून झाले की त्याला जवळ बसवून गरे द्यायची. लहान मुलाला हे जड जात असेल असं आपल्याला वाटतं. पण कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या बाळांचे चेहरे निरखले, तेव्हा खाऊ मिळताना बाळं जितकी खुलली त्याहून जास्त खाऊ दुसऱ्याला देताना खुलली, तोही स्वतःच्या वाट्यातला. विन्याच्या आईला हे विचारायला कोणी गेलं नव्हतं, पण तिला ते ठाऊक होतं, असं मला वाटतं.

गाडी लागते ती प्रवाशाला, चालकाला का नाही?

वळण येणार हे चालकाला आधी ठाऊक असतं. मागे बसून मोबाइल बघणाऱ्याचे डोळे सांगतात "स्थिर आहोत", कानातला तोल सांगतो "हलतोय". या भांडणातून मळमळतं. वडखळपासून नागोठणं, कोलाडपर्यंत पुढच्या बाजूला बसा, लांब डोंगराकडे बघा, पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. आलेपाकाची वडी जवळ ठेवा. आल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो.

दिवा-रोहा गाडीने निघालात तर एकाने जांभई दिली की डबाभर पसरलेली दिसेल. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र जांभई सहसा लागत नाही, आणि कुत्र्यांना माणसाची जांभई लागते. हे वाचताना तुम्हालाही आली असेल, तर ती झोप नव्हे.

पावसात भिजलं की सर्दी होते का?

सर्दी विषाणूने होते. पण आजी अगदीच चुकत नाही. वेल्समधल्या कार्डिफला २००५ साली एका प्रयोगात काही लोकांचे पाय थंड पाण्यात ठेवले, काहींचे रिकाम्या घमेल्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यावाल्यांतून सर्दीची तक्रार जास्त आली. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळल्या की आधीच शिरलेल्या विषाणूला मोकळं रान मिळत असावं, असा अंदाज आहे.

लावणीच्या दिवसांत मला मात्र भीती वाटते ती लेप्टोची. उंदराच्या लघवीतले जंतू चिखलातून पायाच्या भेगांत शिरतात. पायाला जखम असेल तर ती झाकूनच शेतात उतरा. नंतर ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जा आणि शेतात उतरलो होतो हे न विसरता सांगा.

मंत्राने विंचू उतरतो का?

उतरल्यासारखा वाटतो. बऱ्याच विंचवांच्या डंखाने नुसती कळ येते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते. तेवढ्यात ज्याने मंत्र घातला त्याला श्रेय मिळतं. कोकणातला लाल विंचू मात्र वेगळा. त्याचं विष हृदयावर जातं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि लहान मुलं दगावतात.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. विंचवाने मरणारी मुलं त्यांनी डोळ्यांसमोर पाहिली. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. घाम किती, नाडी किती, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कधी चढला, कधी कोसळला, सारं टिपत गेले. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध वापरून पाहिलं. लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले जवळपास चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका तालुक्याच्या गावात, मोठी यंत्रं हाताशी नसताना, केवळ नीट बघून आणि नीट लिहून ठेवून केवढं काम होऊ शकतं!

म्हणून डंख झाला तर घट्ट बांधू नका, चिरू नका, चोखू नका. दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले, त्यातही लहान मूल असेल, तर मांत्रिकाचं घर ओलांडून थेट दवाखाना गाठा.

वाल खाल्ल्याने पोट का गुडगुडतं?

वालात काही साखरा अशा असतात की त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाकडे नाहीच. मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. भिजवून मोड आणले की या साखरा कमी होतात. कडव्या वालाचं बिरडं करायला दोन दिवस लागतात ते वाया जात नाहीत. सुके वाल कच्चे खाऊ नयेत, त्यांत अपायकारक द्रव्यंही असतात. भिजवणं, पाणी टाकणं आणि नीट शिजवणं यांनी ती जातात.

भात कापून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि शेंगा भरल्या की पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खाण्याचे, दिवस सुरू होतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि मूठभर ओवा. तो ओवा चवीला तर येतोच, पोटालाही हलकं वाटतं. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगांच्या अंगच्याच ओलाव्याची वाफ होते. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. झाली का हे बघायला झाकण उघडत नाहीत. तापलेल्या मडक्यावर हाताने पाणी शिंपडतात, चर्र करून क्षणात उडालं की कोणीतरी ओरडतं, "काढा रे!"