पोकळी आणि उंचवटा : ओव्हरड्राइव्ह पेडल व अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी

विद्युत गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असल्यामुळे तिचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. तारांखालचे चुंबकीय पिकअप तारेच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करतात आणि तो संकेत अ‍ॅम्प्लिफायरने मोठा करून स्पीकरपर्यंत पोहोचवल्यावरच ती खऱ्या अर्थाने ऐकू येते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर हा या वाद्याचा अर्धा भागच मानावा लागतो, आणि दोहोंच्या मध्ये, वादकाच्या पायाशी ठेवलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलचा विचार या अर्ध्या भागाला वगळून करता येत नाही.

जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा मोठा संकेत दिला, की ध्वनिलहरींचे माथे हळूहळू सपाट होऊ लागतात आणि मूळ स्वरात नसलेले किंवा अत्यल्प असलेले उपस्वर त्यात मिसळतात. तानपुऱ्याची जवारी नीट लागली म्हणजे एकाच तारेतून स्वरांचा समूह फुलून येतो; येथे कारण निराळे असले, तरी आवाज भरदार होण्याचा अनुभव त्याच जातीचा आहे. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदासोबत केलेल्या ध्वनिमुद्रणातील गिटारचा गाजलेला आवाज मार्शल अ‍ॅम्प्लिफायर भरपूर मोठा करून मिळवलेला होता. अडचण एवढीच, की हा परिणाम साधण्यासाठी कान बधिर करणारा आवाज ठेवावा लागतो, आणि ती अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांतूनच ओव्हरड्राइव्ह पेडलला महत्त्व आले.

या पेडलांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९७९ च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेले आयबनेझचे ट्यूब स्क्रीमर टीएस ८०८. त्यातील डायोड नावाचे सूक्ष्म घटक संकेताचे माथे एकदम न छाटता गोलावत नेतात. शिवाय सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या कंपनसंख्यांना कमी वर्धन मिळत असल्याने खर्जाच्या तारा गढूळ होत नाहीत, आणि पुढच्या टप्प्यात अतितीव्र भागही काहीसा कापला जातो. परिणामी मधल्या पट्टीत एक ठळक उंचवटा तयार होतो. केवळ पेडलचे वर्णन म्हणून पाहिले, तर हा दोषच वाटेल, कारण आलेला संकेत ते जसाच्या तसा पुढे देत नाही. परंतु १९६० च्या दशकातील फेंडर अ‍ॅम्प्लिफायरांची स्वररचना याच्या उलट आहे : त्यांत खर्ज आणि तीव्र स्वर उठून येतात, तर साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास पोकळी राहते, आणि डीलक्स रिव्हर्बसारख्या काही मॉडेलांत मधली पट्टी वाढवण्यासाठी स्वतंत्र खुंटीही नसते. पोकळी आणि उंचवटा अगदी एकाच ठिकाणी येत नसले, तरी ते एकमेकांना पुरेसे भरून काढतात. टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनचा घट्ट, पुढे येणारा आवाज ज्या साधनांतून घडला, त्यांत ही जोडी होती.

या जोडीत खुंट्या कशा लावायच्या, याविषयी नवशिक्यांचा नेहमी गैरसमज होतो. पेडलवर साधारणतः ड्राइव्ह म्हणजे विकृतीचे प्रमाण, टोन म्हणजे तीव्रता आणि लेव्हल म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताची उंची, अशा तीन खुंट्या असतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आधीच किंचित फुटण्याच्या काठावर ठेवून ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवली, तर पेडल त्याला फक्त पुढे ढकलते आणि उपस्वर मुख्यतः व्हॉल्व्हमधूनच उमटतात. अशा मांडणीत बोटांचा दाब कमी केला, की आवाज स्वच्छ होतो, आणि हा प्रतिसाद हेच तिचे खरे वैभव आहे. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, १९७५ च्या रोलंड जेसी-१२० सारख्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे मात्र हा उपाय निरुपयोगी ठरतो, कारण तो शेवटपर्यंत स्वच्छ राहण्यासाठीच बनवलेला असल्याने विकृतीचे सगळे काम पेडललाच करावे लागते.

मध्यपट्टी मुळातच भरलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला तोच उंचवटा जोडला, तर आवाज नाकातून आल्यासारखा चिंचोळा होऊ शकतो. रॉरी गॅलाघर आणि ब्रायन मे यांनी ब्रिटिश व्हॉक्स एसी-३० पुढे ट्रेबल बूस्टर, म्हणजे प्रामुख्याने तीव्र स्वर वाढवून संकेत पुढे देणारे साधन, वापरले. खर्ज मागे राहिल्याने पूर्ण ताणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. हेवी मेटलचे वादक आधीच अतिविकृत असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे ट्यूब स्क्रीमर ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर ठेवून लावतात, तेही खर्ज आवळून घेण्यासाठीच.

म्हणून दुकानातील परक्या अ‍ॅम्प्लिफायरवर केलेली पेडलची परीक्षा फारशी विश्वसनीय नसते, आणि घरी हळू आवाजात केलेलीही अपुरी पडते, कारण हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज तुलनेने कमी ऐकू येतो. एकट्याने वाजवताना बोजड वाटणारा मध्यपट्टीचा उंचवटाच ड्रम आणि बेस गिटार यांच्या गर्दीत गिटारला वाट करून देतो, तेव्हा जोडीची निवड वादकाने आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, सहवादकांसह आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आवाजात करणे इष्ट असते.