गुडघ्यातलं ‘वंगण’ आणि मांडीतली ताकद

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या जिंतूर तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत एक गोष्ट हमखास दिसते. चार-पाच जणी मांडी न घालता पाय लांब करून भिंतीला टेकतात. हजेरी, बचत, कर्जवाटप झालं की उरलेला वेळ टोंगळ्यांचा आणि कंबरेचा.

एका गटातल्या मावशींनी अंतर्गत कर्ज घेतलं, कारण लिहिलं ‘दवाखाना’. कंबरेत उसण भरली होती. सुया झाल्या, पट्टा झाला, तीन आठवडे बाजेवर पडून झालं. रोज बुडाला, हप्ता थकला, आणि उठल्या तेव्हा कंबर आधीपेक्षा कमजोर. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्याला सगळ्यांना हेच सांगितलं गेलंय, की दुखलं की पडून राहा.

पण एक आठवून बघा. पोराचा पाय मोडला, प्लास्टर घातलं. दीड महिन्यानं ते काढलं तर पोटरी कशी दिसते? निम्मी. हाड जुळलं, पण न वापरल्यानं मांस झिजलं. पडून राहिलं की कंबरेचंही तसंच होतं. आणि कंबर म्हणजे नुसता मणका नाही. मंडपाचा खांब तणाव्यांवर उभा असतो, तसा मणका पोटाच्या, पाठीच्या आणि कुल्ल्यांच्या स्नायूंवर उभा असतो. तणावे सैल झाले की खांब डुलतो.

गुडघ्याचंही तेच. ‘वंगण संपलं’ हा शब्द आपण सगळ्याजणी वापरतो. खरं म्हणजे हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो वयानं आणि भारानं झिजतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या पाण्यातूनच तिला पोषण मिळतं, आणि ते आत-बाहेर व्हायला सांधा हलावा लागतो, स्पंज दाबून सोडावा तसा. म्हणजे अजिबात न हलवलेला गुडघा उपाशी राहतो. त्यात गुडघा सुजला-दुखला की मांडीचा पुढचा मोठा स्नायू आपोआप ढिला पडतो. तो ढिला पडला की पाऊल टाकतानाचा धक्का सांध्यावर बसतो, म्हणून अजून दुखतं, म्हणून आपण अजून कमी चालतो. हे चक्र तोडायचं असेल तर मांडीची ताकद वाढवावी लागते.

इथं मला प्रत्येक गावात एकच प्रश्न येतो, बोरीला येतो, चारठाण्याला येतो: “बाई, दिवसभर रानात मरमर करतो, अजून व्यायाम कशाला?” प्रश्न बरोबर आहे. पण खुरपताना, वेचताना आपण तासन्‌तास वाकून असतो. पूर्ण वाकलं की पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार मणक्याच्या चकत्यांवर व हाडं बांधणाऱ्या दोऱ्यांवर जातो. त्या कामानं थकवा येतो, पण पाठीची ताकद वाढत नाही. ताकद वाढायला थोडा भार, मग विश्रांती, मग थोडा जास्त भार, असा क्रम लागतो. रानात तो क्रम कोण देणार?

म्हणून घरी करायचं ते सांगते. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा. मांडी आवळलेली हाताला लागली पाहिजे. पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, प्रत्येक पायाला. हे रोज केलं तरी चालतं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं, आधी पाच वेळा. जड गेलं तर खुर्चीवर गोधडीची घडी टाकून बैठक उंच करा. कंबरेसाठी उताणं झोपून गुडघे दुमडा, तळवे जमिनीवर ठेवा आणि कंबर वर उचलून पाच अंक धरा. श्वास रोखू नका. हे दोन एक दिवसाआड करा, म्हणजे स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. दहा वेळा सोपं वाटू लागलं की पंधरा. पायाला दुखणं नसलेल्या सुनेनं, लेकीनंही करावं.

थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं पहिल्यासारखं झालं तर व्यायाम झेपला. वाढलेलंच राहिलं तर आकडा कमी करा, बंद करू नका. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत सोडणाऱ्या फार, मीही त्यातलीच होते. जोडीला वरण, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी खा, कारण मांस मातीतून येत नाही.

पट्ट्याबद्दल फार विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात व्यायामाची शिफारस आहे. कंबरपट्टे आणि वजन लावून ताण देणं नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये असं म्हटलंय. पट्ट्यावर पैसे घालण्याआधी हे लक्षात असू द्या. दुखण्याच्या गोळ्याही मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका, पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो.

आणि काही दुखण्यांत व्यायाम नाही, आधी डॉक्टर. लघवी तुंबली किंवा कळत नाही, बैठकीची जागा बधिर झाली, पायातला जोर गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री दुखणं वाढत असेल तरी थांबू नका, मणक्याचा क्षयही असा सुरू होतो. पडल्यावर दुखू लागलं किंवा गुडघा लाल-गरम झाला तरी दाखवा. बाकी दुखण्यांसाठी एकदा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बरोबर होतोय का ते बघून घेतलं तर उत्तम.

त्या मावशींनी हप्ते फेडले. आता बैठकीत वहीवर सह्या होईपर्यंत त्या खुर्चीवर दहा वेळा उठतात-बसतात, आणि बाकीच्या जणी मोठ्यानं आकडे मोजतात.